काउंटरवरचा हात

माझ्या तोंडाला आमच्या गॅरेजात सगळे टरकून असतात, हे आधीच सांगून टाकते. गिऱ्हाईक असो, ऑइलवाला असो, नाहीतर माझा सख्खा धाकटा भाऊ असो, माझं जे मनात ते ओठावर. त्यामुळे पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, ही बाई आणि गप्प बसली? हो, बसले. एकदाच बसले आणि नेमकं नको तेव्हा बसले.

गॅरेज धाकट्याचं, काउंटर माझं. सुट्या भागांची कपाटं, बिलबुकं, फोन, चहा आणि भांडणं हे माझं खातं. गाड्या त्याच्या. लोक त्याला कानसेन म्हणायचे. लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर इंजिनावर टेकवायचा, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "मागून दुसरा सिलिंडर. अजून तीन महिने जाईल, मग बोंबलेल." बरोबर तीन महिन्यांनी ती गाडी दोरीला बांधून यायची. गाडी वळणावर असतानाच हा गाडीखालच्या खड्ड्यातून ओरडायचा, "ताई, मास्तर आले, पट्टा सैल झालाय त्यांचा!" मास्तर आत येईपर्यंत नवा पट्टा काउंटरवर तयार.

गाडीवाले म्हणजे एक जातच असते बघा. "ताई, ही विकू की ठेवू?" हा प्रश्न दिवसातून दहादा. आता मी काय ज्योतिषी आहे? एकजण जुन्या गाडीत इतका खर्च करत होता की मी तोंडावर सांगितलं, चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला, विका ती. दुसरा अॅव्हरेज मिळत नाही म्हणून तीनदा प्लग बदलून आला, टायरमध्ये हवाच नव्हती. पण बायकोपेक्षा गाडीचं कुरकुरणं यांना जास्त लागतं, हे मात्र खरं. आणि ते कुरकुरणं कुठून येतं हे सांगणारा एकच माणूस होता. माझा भाऊ.

पहिल्यांदा मला कळलं ते कॉम्प्रेसरमुळे. त्याचा व्हॉल्व्ह गळायला लागला होता, सकाळपासून बारीक सूं सूं चाललेली. पूर्वी हा पठ्ठ्या खड्ड्यात उतरलेला असला तरी तिथून शिव्या घालायचा, हवा कोण फुकट घालवतंय म्हणून. त्या दिवशी त्या व्हॉल्व्हशेजारी उभं राहून त्यानं डबा खाल्ला आणि हात धुऊन कामाला गेला. मग मी लक्ष ठेवायला लागले. इंजिनाचं धडधडणं, गिअरबॉक्सची घरघर, सगळं ऐकू यायचं त्याला. पण फोनची रिंग नाही. कुकरची शिट्टी नाही. वहिनी मागून बोलली तर नाही. तीस वर्षं हातोडा आणि ग्राइंडर यांच्या मधोमध काढल्यावर बारीक आवाज आधी जातात म्हणे, एका डॉक्टरांनी असंच बोलता बोलता सांगितलं. कोणासाठी विचारतेय हे मी त्यांना सांगितलं नाही.

त्यालाही कळलं होतं. कारण एक दिवस एका गाडीची चक्कर मारायला निघताना तो म्हणाला, "ताई, येतेस? बस बाजूला." जन्मात कधी मला बोलावलं नव्हतं. मी बसले. पुढच्या चाकातून बारीक चिरचिर येत होती, मी नकळत डॅशबोर्डवर बोट उचललं. त्यानं माझ्या बोटाकडे बघितलं, गाडी वळवली आणि गिऱ्हाइकाला म्हणाला, "पुढचं डावं, बेअरिंग."

तेव्हापासून तोच रिवाज पडला. गाडीत असले तर डॅशबोर्डवर हात, काउंटरवर असले तर काउंटरवर हात. आवाज आला की एक बोट उचलायचं. नाही आला की हात तसाच ठेवायचा. लोक म्हणायचे, ताईंना आता फिरायची हौस आली. म्हणू देत. झाकली मूठ सव्वा लाखाची. आम्ही बहीणभाऊ त्याबद्दल एक अक्षर कधी बोललो नाही. मी, जिच्या तोंडाचा पट्टा झोपेतही थांबत नाही, तिनं हे तोंडातून काढलं नाही. मला वाटायचं, बोललं की खरं होईल.

शाळेच्या आठ व्हॅन चालवणारा एक मालक आहे. त्याच्या आठही व्हॅनचं वर्षभराचं काम आमच्याकडे यायची बोलणी चालली होती. जोखमीचं काम. पोरं असतात आत. तो स्वतःच म्हणाला होता, "मी तुमच्या भावाच्या कानावर भरवसा टाकून आलोय." त्या शनिवारी तो माझ्यासमोर कागद पसरून बसला होता आणि एकेक ओळ वाचून प्रश्न विचारत होता.

तेवढ्यात नर्सबाई आल्या. डोंगरावरच्या दवाखान्यात त्यांची नोकरी, आठवड्याला वर जायचं, आठवड्यानं खाली यायचं, येताना सुट्टी मिळालेल्या पेशंटना पण घेऊन यायच्या. भली बाई. म्हणाल्या, "दादा, पंधरा दिवस झाले, ब्रेक दाबला की बारीक चिं होतंय." धाकट्यानं माझ्याकडे बघितलं. मी मानेनंच कागद दाखवले, कशी उठू? तो एकटाच चक्कर मारून आला.

"काही नाही, बाई. धूळ असेल."

"अहो, पण मला येतो ना आवाज."

"तीस वर्षं हेच करतोय मी," तो म्हणाला. आवाज चढला होता त्याचा. असा तो कधी बोलत नाही. चाक काढून बघायचं साधं काम होतं. पण कानसेन चाक काढून बघत नाही, आणि व्हॅनमालक बघत होता.

नर्सबाईंनी गाडी फाटकापर्यंत नेली आणि रस्ता बघायला ब्रेक दाबला. चिंऽऽ. अगदी स्पष्ट. ब्रेकच्या पॅडला पत्र्याची एक बारीक पट्टी असते. पॅड झिजत आला की ती चाकातल्या तबकडीला घासते आणि ओरडते. तिचं तेवढंच काम. मी वर बघितलं. धाकटा फाटकापाशी उभा होता आणि तो नर्सबाईंकडे नाही, माझ्याकडे बघत होता. व्हॅनमालकानं पेनाचं टोपण काढलं होतं. माझा हात काउंटरवर होता.

मी बोट उचललं नाही.

मूग गिळून बसले. मनाला सांगितलं, उद्या फोन करू. रविवारी ठरवलं, सोमवारी करू. सोमवारी नर्सबाई वर गेल्या. मंगळवारी फोन लावला, रिंग गेली आणि मीच कापला. काय सांगणार होते? व्हॅनमालक म्हणाला होता, गुरुवारी येऊन सही करतो. म्हटलं, गुरुवार तेवढा जाऊ दे. बाई तर आठवडाभर वरच आहेत, गाडी उभीच असणार. घरी पाण्याचा नळ कुरकुरला तरी मी दचकून उठायची. वहिनीनं विचारलं, ताई जेवत का नाही. तिच्यावरच खेकसले बिचारीवर.

गुरुवारी अकरा वाजता व्हॅनमालक आला. धाकटा काउंटरपासून चार हातांवर एका धडधडत्या इंजिनावर वाकला होता, पाठ आमच्याकडे. फिटर त्याच्या शेजारी पाना धरून. फोन वाजला, नर्सबाई.

"ताई, दादांना सांगा, त्यांचंच खरं झालं," त्या हसत म्हणाल्या. "रोज इथल्या चढउतारावर पेशंट बघायला फिरतेय ना, कालपासून आवाज आपोआप बंद."

ती पट्टी आपोआप गप्प होत नाही हो. घासून घासून तुटते तेव्हाच गप्प होते. मग लोखंडावर लोखंड घासायचं तेवढं बाकी राहतं.

"बाई, आहात कुठं?"

"गाडीत. निघतेच आहे. दोन म्हाताऱ्या आहेत मागे, आज मध्येच यांना खाली घरी सोडायचं आलंय."

"निघू नका!" मी उभी राहिले, स्टूल मागे आपटलं. "गाडी हलवू नका, ब्रेक संपलेत! धाकट्याला तो आवाज ऐकूच आला नाही, त्याला बारीक ऐकू येत नाही आता! मला आला होता! मला आला होता आणि मी गप्प बसले!"

पलीकडे काहीच नाही. हॅलो, हॅलो. डोंगरावर रेंज असते नि नसते. कधी तुटला फोन, माझं किती पोचलं, देवाला ठाऊक. परत लावला, लागेना. आमच्या इथं मात्र सगळ्यांना ऐकू गेलं होतं. फिटरचा पाना हवेतच राहिला. रांगेतले दोघं गाडीवाले एकमेकांकडे बघायला लागले. व्हॅनमालकानं पेनाला टोपण लावलं, कागद गोळा केले आणि निघून गेला.

आणि धाकटा? तो वाकून काम करत होता. गुणगुणत. अख्ख्या गॅरेजात त्याची गोष्ट जाहीर झाली, ऐकली नाही ती एकट्या त्यानं.

मी जाऊन त्याच्या दंडाला धरून फिरवलं. माझं तोंड बघून तो गुणगुणायचा थांबला. "पुढचे पॅड घे," मी म्हटलं. "जॅक घे. नर्सबाई." त्यानं कशाला म्हणून विचारलं नाही. हात पुसले आणि निघाला.

चढ चढताना मी प्रत्येक वळणावर कठड्याबाहेर बघत होते. समोरून दुधाची गाडी आली तर वाटलं, हा काही तरी सांगेल, हात करेल. तो सरळ निघून गेला. आमच्या गाडीचं इंजिन तेवढं बोलत होतं. एक वळण रिकामं, दुसरं रिकामं. एके ठिकाणी कठडा तुटलेला दिसला आणि माझ्या तोंडून किंकाळी निघाली. तुटलेल्या जागेवर गवत उगवलं होतं, जुनाच होता तो.

दवाखान्याच्या खालच्या पहिल्याच वळणावर गाडी दिसली. नाक मातीच्या उंचवट्यात घुसलेलं, एक दिवा फुटलेला. दोन म्हाताऱ्या दगडावर बसल्या होत्या, एकीच्या कपाळाला रुमाल बांधलेला, रुमाल लाल. नर्सबाई मनगट छातीशी धरून उभ्या. चेहरा पांढराफटक.

"तुमचा फोन तुटला. वाटलं, खाली पोचून विचारू," त्या म्हणाल्या. "दाबला तर खर्र झालं आणि पेडल तळाला गेलं. मातीत घातली." मग त्यांनी पुढच्या वळणाकडे बघितलं. मीही बघितलं. तिथं माती नव्हती, कठडाही नव्हता. खाली झाडांचे शेंडे दिसत होते.

मी म्हातारीजवळ गेले, तिचा हात हातात घेतला. थंडगार होता. ती मलाच म्हणाली, "घाबरू नकोस गं." लाज वाटली मला. जीव जावा इतकी लाज वाटली.

धाकट्यानं चाक काढलं. पॅड हातात घेऊन तो उकिडवा बसून राहिला. त्यावर घासणाऱ्या मसाल्याचा थर नावालाही नव्हता, नुसतं चकचकीत लोखंड. अंगठा फिरवत राहिला त्यावरून. मग मान वर करून माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला, "शनिवारी. फाटकापाशी. आला होता आवाज?"

"हो."

"तुला ऐकू आला होता."

"हो रे."

तो चिडला असता, ओरडला असता तर बरं झालं असतं. मी उलट ओरडले असते, ते मला येतं. तो हळूच म्हणाला, "मला नव्हता येत, ताई. म्हणून तर मी तुझ्या हाताकडे बघितलं होतं."

मग त्यानं पिशवीतून नवे पॅड काढले. मला म्हणाला, आत बस आणि सांगेन तेव्हा ब्रेक दाब. मी बसले. तो खालून म्हणायचा, दाब, मी दाबायची. सोड, मी सोडायची. एकदाही त्यानं वर बघितलं नाही.