माझी सुबक सही

माझी नात नांदेडला वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि सोबतीला कंपनी सेक्रेटरीच्या परीक्षाही देते. एकीचा निकाल लागतो तोवर दुसरीचा फॉर्म भरायची वेळ येते. मागच्या खेपेला सेक्रेटरीच्या परीक्षेत ती नापास झाली, तेव्हा तिचा बाप, माझा मुलगा, म्हणाला, ते सोडून दे, वकिली पुरे. म्हणजे हे तो मला म्हणाला. पोरीला सांगायची त्याची छाती नव्हती, ते काम त्याने माझ्यावर टाकलं. मलाही पटलं होतं. मी चौथी शिकले, त्यातही फार पुस्तकं लागली नाहीत.

आमच्या गावच्या बायांची हळदीची कंपनी आहे. शिरड शहापूरच्या रस्त्याला एका खोलीवर तिची पाटी आहे. आम्ही दहा जणी संचालक. बचत गट होता तेव्हापासून आमच्यात एक रीत आहे. एखादी मिटिंगला आली नाही तर शेजारची तिची सही करून टाकते. आजारी बाईच्या घरी भाकरी पोचवावी तसंच ते. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

नात सुट्टीला आली तेव्हा मी तिला मिटिंगला सोबत नेलं, वाटेत सांगून टाकू म्हणून. वाटेत सांगणं झालं नाही, ऊन फार होतं. तिथं ती कोपऱ्यात बसून ठरावाचं पुस्तक चाळत होती. बाया चहाला उठल्या तेव्हा तिने एका सहीवर बोट ठेवलं.

"आजी, ही तुझी सही न्हाई."

"कशावरून?"

"लई सुबक हाय."

ते खरं होतं. माझी सही उतारावरून घसरल्यासारखी असते. शिवाय त्या दिवशी मी मोतीबिंदू काढून नांदेडला पडले होते आणि उशाशी हीच बसली होती. सही माझ्या धाकट्या जावेची. पुस्तकात मात्र मी हजर होते. नुसती हजर नव्हे, हळद शिजवायचा बॉयलर घ्यावा हा ठरावही मीच मांडला होता. तो बॉयलर घेऊ नका म्हणून मी वर्षभर भांडत होते.

मी म्हणाले, पान फाडू. ती म्हणाली, फाडायचं नाही, खोडायचंही नाही. पुन्हा मिटिंग बोलवायची, मी नव्हते असं सगळ्यांसमोर सांगायचं आणि तसं लिहून घ्यायचं. मी म्हणाले, जाऊ वर्षभर बोलणार नाही. ती म्हणाली, उद्या कुणी कोर्टात गेलं तर त्याहून जास्त वर्षं जातील. वकील भांडण झाल्यावर लागतो, सेक्रेटरी ते होऊ नये म्हणून लिहून ठेवतो.

"म्हणजे भांडण झालं तरी तुझं भागलं, न्हाई झालं तरी भागलं," मी म्हणाले.

ती हसली नाही. म्हणाली, "पप्पांनी तुला काय सांगायला लावलंय, मला ठाऊक हाय. तू म्हणलीस तर सोडते."

मी म्हणाले, आधी मिटिंग होऊ दे.

तिने आठ दिवसांची नोटीस काढली, एकाच आळीत राहणाऱ्या दहा बायांना. मिटिंगला मी उभी राहिले आणि त्या दिवशी मी नव्हते असं सांगितलं. जाऊ सगळ्यांदेखत म्हणाली, "जाऊबाई, मी तुमची जागा राखली आन् तुमी मलाच उघडं पाडून राहिल्या व्हय?" बॉयलरचा ठराव पुन्हा घेतला. नऊ जणी बाजूने, मी एकटी विरोधात. बॉयलर येणारच आहे. पण माझं नको म्हणणं आता पुस्तकात आहे आणि त्याखाली माझी वाकडी सही आहे.

संध्याकाळी मुलाने विचारलं, "माय, सांगितलं का तिला?"

"न्हाई. तुझं म्हणणं तू सांग. एकीच्या नावानं दुसरीनं करायचं आमी आजच बंद केलंय."

तो उठून तिच्या खोलीपर्यंत गेला. दारातून आत डोकावला आणि तसाच परत आला. म्हणाला, पोरगी अभ्यास करून राहिली, कशाला तकलीफ द्यायची.

कशाचा अभ्यास, मी विचारलं.

दोन्ही पुस्तकं उघडी होती म्हणे.