गालिच्यावरच्या खुणा

बँडमध्ये त्याला सगळे मिस्त्री म्हणायचे. गाणं-बिणं त्याला काही येत नसे, पण ड्रमचा संच मांडावा तर त्यानंच. सव्वीस वर्षं त्यानं एकाच माणसासाठी मांडला, आणि तो पठ्ठ्या डावखुरा. म्हणजे सगळं जगाच्या उलट. मिस्त्रीनं एका जुन्या गालिच्यावर पांढऱ्या चिकटपट्टीच्या खुणा करून ठेवल्या होत्या. गालिचा पसरायचा, प्रत्येक स्टँड आपापल्या खुणेवर ठेवायचा, वीस मिनिटांत काम फत्ते. डोळे मिटूनसुद्धा मांडेन, अशी त्याची फुशारकी. ती खोटी नव्हती, तिथंच तर घोटाळा झाला.

नव्या अल्बमचं शेवटचं गाणं रेकॉर्ड झालं आणि पंधरवड्याच्या आत ड्रमर गेला. हृदयानं दगा दिला. अल्बम बाहेर आला, लोकांनी डोक्यावर घेतला, दौऱ्याच्या तारखा लागल्या. बापाच्या जागी लेक वाजवणार असं ठरलं. ती उजव्या हाताची. गायकानं मिस्त्रीला बाजूला घेतलं.

"तुला जमेल का? खरं सांग. नसेल जमत तर दौऱ्यासाठी दुसरा माणूस बघतो."

"न जमायला काय झालं?" मिस्त्री म्हणाला. छातीवर धोंडा ठेवून म्हणाला हो! हे काम सुटलं असतं तर गेलेल्या मित्राचं म्हणावं असं त्याच्याकडे काहीच उरलं नसतं.

तालमीच्या पहिल्या सकाळी तो सगळ्यांच्या आधी आला. गालिचा पसरला, संच मांडला, झांजा पुसल्या. लेक आली आणि संचासमोर नुसती उभी राहिली.

"काका," ती हळूच म्हणाली, "हे बाबांचं लावलंय."

खरंच की. हातांनी परस्पर काम उरकलं होतं. दारात गायक उभा होता, त्यानंही पाहिलं. स्मशानात मिस्त्री रडला नव्हता, तिथं सगळी धावपळ त्याच्याच अंगावर होती. आता रडला, सगळ्यांदेखत, बाहीला नाक पुसत. रडतारडता त्यानं संच उतरवला आणि गालिच्यावर गुडघे टेकले.

"खुणा मी काढू का?" तिनं विचारलं.

"तू हात लावू नकोस. मी लावल्यात, मीच काढणार."

जुनी पट्टी सहजासहजी निघेना. नखानं खरवडत एकेक खूण त्यानं काढली. अर्धा तास कुणी त्याला घाई केली नाही. मधल्या तीन खुणांपाशी मात्र तो थांबला.

"ह्या राहिल्या," ती म्हणाली.

"ह्या राहू देत. स्टुलाच्या आहेत. डावा काय, उजवा काय, बसायची जागा तीच."

गायक आत आला आणि चिकटपट्टीचं नवं रीळ त्यानं मिस्त्रीच्या हातात दिलं. मिस्त्रीनं स्टूल त्या तीन खुणांवर ठेवलं, तिच्या उंचीचा अंदाज घेऊन चार बोटं खाली केलं.

"बैस," तो म्हणाला, "तुझा हात कुठवर पोचतो ते बघू दे."