पदरातला कांदा

ऊन लागू नये म्हणून सासूबाईंनी माझ्या पदरात बांधलेला कांदा मी गुपचूप फेकून दिला होता. नव्या नवरीला वास नको होता ना!

आज नातीच्या पर्समध्ये कांदा कोंबला, तसं तिनं नाक मुरडलं, अन् निजामाच्या राज्यातला तो वैशाख आठवला. केदारखेड्याहून राजूरच्या गणपतीला आम्ही दोघी पायी निघालो होतो. "बाभळीखाली टेकू," सासूबाई म्हणाल्या. "न्हाई, दर्शन घेऊनच बसीन," म्हणत मी शहाणी पुढं!

भर वाटेत कोसळले. डोळे उघडले, तेव्हा त्या स्वतःच्या पदरातला कांदा ठेचून माझ्या तळपायांना चोळत होत्या, तांब्यातलं उरलंसुरलं पाणी माझ्या डोक्यावर ओतत होत्या. मी उठू लागले, तर दंड दाबून म्हणाल्या, "पडून राह्य! गणपती कुठं पळून न्हाई चालला. तुझ्यासारखी येडी दुसरी कुठून आणू मी?"