थांबणारी वरात

माझं काम सांगितलं की तळोद्यात लोक विचारतात, पगार मिळतो का? संगीताची स्वरलिपी लिहायच्या सॉफ्टवेअरची मी चाचणी घेते. घरी बसून पडद्याकडे बघत राहायचं. सूर वाजत असताना एक निळी रेषा पानावरून पुढे सरकते. ती कुठे अडखळते, पान उलटायला किती वेळ लागतो, ते मोजायचं आणि कंपनीला कळवायचं. थोडक्यात, दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायच्या. आई म्हणते, हा गुण तुझ्यात मुळातच होता.

आबांनी, माझ्या वडिलांनी, उभा जन्म लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवली. दम्यामुळे ती पेटीत गेली. डॉक्टरांनी थोडं थोडं फुंकायची मुभा दिली होती, पण आबांना थोडं थोडं जमतंय कुठे! एकदा सुरू केलं की छाती भरून येईपर्यंत थांबायचे नाहीत, मग दोन दिवस पलंगावर. शेवटी त्यांनी पेटी उघडणं सोडलं, आणि हळूहळू बोलणंही. घरातली ती शांतता मला सोसवेना.

चाचणीला मला एक लांबलचक रचना हवी होती. मी त्यांच्याकडून वरातीची चाल गुणगुणून घेतली, लिहिली, आणि पुन्हा पुन्हा चिकटवत शंभरेक पानं केली. आवाज फक्त ढोलाचा ठेवला. स्वरलिपीच्या त्या टिंबांतलं आबांना काही कळत नाही, पण रेषा सरकताना पाहून ते उठले आणि पेटी घेऊन आले.

त्यांच्या लेखी ती रेषा म्हणजे वरात. रेषा चालली की वाजवायचं. पान उलटताना ती अडकायची, ढोल मात्र चालूच; तेव्हा क्लॅरोनेट खाली, नुसता पायाने ठेका. बँडची रीतच ती. वरात नाचायला थांबली की सुरांनी विसावा घ्यायचा, ढोलांनी किल्ला लढवायचा. तेवढ्यात त्यांचा श्वास परत यायचा. त्या दिवशी अर्धा तास वाजवूनही धाप लागली नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

आणि मीच ते अडकणं चूक म्हणून कळवलं. नोकरीच होती ती. महिन्याभराने नवी आवृत्ती आली, रेषा कुठेही न अडता धावली, मला शाबासकीही मिळाली. संध्याकाळी आबा वाजवायला बसले. तिसऱ्या पानावर त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी क्लॅरोनेट मांडीवर ठेवली.

"आज वरात कोठेच थांबनी नही," ते म्हणाले. "मन्हा दम पुरना नही."

चूक जणू त्यांचीच होती. मला माझ्या हुशारीची लाज वाटली.

चालीत मध्ये मध्ये विश्रांती लिहूनही पाहिली, पण रेषा चालत असताना ते थांबतच नाहीत. मग कपाटातला जुना लॅपटॉप काढला. त्यात जुनी आवृत्ती तशीच होती. त्याचं इंटरनेट मी कायमचं बंद केलं, ती आपोआप सुधारू नये म्हणून. कंपनीला हे सांगितलेलं नाही.

आता आबा रोज जेवणाआधी वाजवतात. परवा रेषा नेहमीपेक्षा जास्तच वेळ अडली. त्यांनी क्लॅरोनेट खाली घेतली आणि माझ्याकडे पाहिलं, निघायचं का पुढे, अशा नजरेने.

"लोके नाची ऱ्हायनात, आबा," मी म्हटलं. "जरा दम खा."