केसरबाईचा विस्तव

बीडच्या वेशीबाहेर, बिंदुसरेच्या काठी आमची हमालांची गल्ली. राज्य निजामाचं, आणि काडीपेटी आमच्यासाठी निजामाचीच चैन. गल्लीभर विस्तव जायचा तो केसरबाईच्या चुलीतून. रात्री ती निखारे राखेत पुरून ठेवी आणि पहाटे खापर घेऊन येणारीला आधी शिवी, मग निखारा देई. शिवी नको असेल तर पीठ कच्चं खा, असा तिचा कायदा होता.

नवरा आश्रुबा दम्याने खाटेवर पडलेला. खोकून झालं की बायकोशी भांडायचं, एवढाच त्याचा उद्योग. गल्ली त्या भांडणानेच जागी व्हायची.

एकदा अडतीवर मालच येईना. दोन दिवस गल्लीतली लेकरं उपाशी निजली. मग सांजेला गाड्या लागल्या, हमालीची ज्वारी आली आणि पहाटे घरोघर जाती घरघरू लागली.

नेमका त्याच पहाटे आश्रुबा गेला.

मयत उचलेपर्यंत गल्लीत चूल पेटवायची नाही, ही रीत. त्याचा भाऊ नेकनूरहून यायचा तर दिवस कलला असता. केसरबाईने नवऱ्याच्या तोंडावर घोंगडी ओढली आणि चुलीपाशी येऊन बसली.

पहिली कडूबाई आली. "मावशी, आज काकाचा आवाज न्हाई?"

"लई दिसांनी गप पडलाय. तू कावून उठवतीस? घे निखारा अन् नीघ, भवाने!"

मी नवी सून, सगळ्यांत शेवटी गेले. मलाही शिवी मिळाली. खालपर्यंत राख उकरून तिने निखारा माझ्या खापरात टाकला.

मग ती दारात बसून धूर बघत राहिली. भाकरी थापल्याचे आवाज आले, लेकरं हातात भाकर घेऊन ओट्यावर आली, खाऊ लागली. तेव्हा कुठे तिने हंबरडा फोडला.

आम्ही धावलो. अंग केव्हाच गार पडलेलं. कडूबाई ओरडली, "अगं, सांगितलं कावून न्हाई?"

"त्याला आता कुठं जायची घाई हाय? लेकरं दोन दिसाची उपाशी व्हती."

शिव्या देणाऱ्या या बाईचं काळीज केवढं असेल, ते मला आजही कळलेलं नाही.

दिवस कलल्यावर आश्रुबाचा भाऊ आला. मडक्यात विस्तव धरायचा म्हणून चूल उकरली, तर नुसती राख. शेवटचा निखारा तिने मला दिला होता.

आश्रुबाचा विस्तव माझ्या चुलीतून गेला.