क्लॅरिनेटच्या रिकाम्या जागा

काल गोंदियाच्या बाजारात एक बँडवाला चिंचेनं ट्रम्पेट घासत बसला होता. तो आंबूस, पितळी वास नाकात शिरला आणि मी थेट कामठ्याच्या शाळेच्या पटांगणात जाऊन पोहोचले.

आमचे हे लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. वरातीतल्या गाण्यांना कंटाळून त्यांनी सगळ्या बँडसाठी एक तासाभराची सिम्फनी रचली. ती बसवता बसवता त्यांची फुप्फुसं खराब झाली. तरी गावासमोर वाजवायच्या दिवशी ते लाल कोट घालून त्या पटांगणात उभे राहिले.

ट्रम्पेट गरजले, मग ड्रम शांत झाले. शेवटच्या भागात मुख्य सूर क्लॅरिनेटचा होता, बाकी बँड मधूनमधून हलकी साथ देणार होता. त्यांनी ती ओठांना लावली, पण नुसती हवा निघाली. पुन्हा फुंकली, पुन्हा हवाच. सगळा बँड थबकला.

"काऊन थांबले गा? वाजवा ना तुमी," ते म्हणाले. "मी आयकून राहिलो."

क्लॅरिनेटच्या जागा रिकाम्या सोडत बँडनं शेवटपर्यंत वाजवलं. ते डोळे मिटून हसत होते. मला वाटलं, थकलेत, औषधानं बरे होतील. आज कळतं, ते निरोप घेत होते.

त्याच पावसाळ्यात ते गेले. त्यांचे ते सूर मी घरी रोज ऐकले होते. आता आठवायला बसते, तर फक्त ती हवाच ऐकू येते.