हालु की हल्लु? नांदेडहून निलंग्याच्या एका वर्गात

निवृत्तीनंतर कुठे कुठे फिरायचं याची माझी यादी चांगली लांबलचक होती. निलंगा तिच्यात नव्हतं. नांदेडच्या अध्यापक महाविद्यालयात मी प्राध्यापक होते. लहान मुलांना वाचायला कसं शिकवावं, हे होणाऱ्या शिक्षकांना शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. त्यातलीच एक विद्यार्थिनी, रेणापूरची सुनंदा. तिचा एके दिवशी फोन आला. निलंग्याच्या पुढे, कर्नाटकाच्या सीमेलगतच्या गावात ती पहिलीच्या वर्गावर आहे.

"मॅडम, तुम्ही शिकवलेलं समदं करून पाहिलं. महादेवी म्हणून एक पोरगी हाय. शाळेच्या पहिल्या आठवड्यानंतर एक शब्द बोलली न्हाई. मला जमंना. मी बदलीच मागायलेय."

"मी येऊ बघायला?"

"खरंच येता?"

जाऊन काय करणार, हे मलाही ठाऊक नव्हतं. पण एक शब्दही न बोलणारी मुलगी दिवसभर वर्गात करते तरी काय, हे कुतूहल काही डोक्यातून जाईना.

नांदेडहून लातूरची एसटी लोहा-अहमदपूरवरून जाते. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे गाडीत बायकाच जास्त. ऑगस्टमध्ये जात असाल तर खिडकी पकडा. दोन्ही बाजूंना नुसतं हिरवंगार सोयाबीन. अहमदपूरच्या स्टँडवर गरम भजी खाल्ली, लातूरला स्टँडजवळच्या लॉजवर मुक्काम केला आणि सकाळी औशावरून निलंगा गाठलं. इथे नाश्त्याला निलंगा राईस खायचाच. मसाल्याचा, झणझणीत भात. पुण्याच्या पोह्यांची सवय असेल तर शेजारी पाणी ठेवा. पुढे गावापर्यंत शेअर रिक्षा. ती भरल्याशिवाय सुटत नाही, तेव्हा घाई असेल तर येऊच नका.

सुनंदा फाटकातच उभी होती. वाळलेली दिसली. "ती बघा, खिडकीपाशी," वर्गाच्या दारात ती हळूच म्हणाली.

महादेवी दोन वेण्या घालून ताठ बसली होती. इतर मुलं कविता म्हणत होती तेव्हा तिचे ओठ मिटलेले, पण डोळे प्रत्येकाच्या तोंडाकडे. ही मुलगी ऐकत नव्हती असं कोण म्हणेल?

"घरी कन्नड बोलतात," सुनंदा म्हणाली. "पहिल्या आठवड्यात तिनं पाणी मागितलं तर पोरं हसली. तवापासून गप्प."

मी पिशवीतून चित्रांची कार्डं काढली. घर, मांजर, दुधाचा पेला. इतक्या वर्षांचा अनुभव पणाला लावून मी तिच्यापुढे बसले. ती चित्राकडे बघे, माझ्याकडे बघे, आणि गप्प. माझी शहाणपणाची पोतडी दहा मिनिटांत रिकामी झाली.

शेवटी मी पेल्याचं चित्र वर धरून सगळ्या वर्गालाच विचारलं, "कन्नडमध्ये याला काय म्हणतात रे?"

मागून एक मुलगा ओरडला, "हालु!"

"हल्लु," मी म्हणाले.

दोन-तीन मुलं फिसकन हसली. मी पुन्हा जोर देऊन म्हणाले, "हल्लु! मला रोज पेलाभर हल्लु लागतं."

आता कन्नड येणारी सगळी मुलं लोळायला लागली. मला काहीच कळेना. तेवढ्यात महादेवी उठली, माझ्यासमोर आली आणि ओठ फाकवून आपल्या दातांवर बोट ठेवलं. "इदु हल्लु!" मग पेल्यावर बोट आपटलं. "अदु हालु!"

मी रोज पेलाभर दात पीत होते!

मी हसले, वर्ग हसला, आणि या वेळी महादेवीही हसली. सुनंदा मात्र हसली नाही. तिनं खडू उचलला आणि फळ्यावर देवनागरीत दोन्ही शब्द लिहिले. हालु. हल्लु. दोन्ही सावकाश वाचून दाखवले, मग विचारलं, "महादेवी, दूध कोणतं?"

पोरीनं बराच वेळ दोन्हीकडे पाहिलं. मग बोट काना असलेल्या शब्दावर. सुनंदानं फळा पुसून जागा बदलून लिहिले. बोट पुन्हा कान्यावर.

दारात मुख्याध्यापक उभे होते. "काय मॅडम, मराठी शाळेत कन्नड शिकवायलाव का?"

"नाही सर," सुनंदाच बोलली. "काना शिकवायलेय."

त्यांनी फळ्यावरचे दोन्ही शब्द वाचले आणि निघून गेले.

परतताना निलंग्याच्या स्टँडवर कर्नाटकाची एक गाडी लागली होती. पाटी कन्नडमध्ये. मी थांबून बघत राहिले. सगळी गोल गोल अक्षरं, एकही ओळखीचं नाही. शेजारच्या बाईंना विचारलं, "ही कुठं जाते हो?" त्यांनी माझ्या चष्म्याकडे आणि हातातल्या पुस्तकाकडे पाहून सांगितलं, "बिदरला. लिवलंय की वर."

आता घरी येऊन महिना होत आला. सुनंदानं बदलीचा विचार दिवाळीपर्यंत पुढे ढकललाय, सोडलेला नाही. महादेवी बोलते, पण मुख्यतः इतरांच्या तक्रारी सांगायला, निम्म्या कन्नडमध्ये. पुढे मराठीकडे तिला कसं आणायचं, यावर आम्ही दोघी फोनवर वाद घालतो.

मी शेजारी राहणाऱ्या, मूळच्या उदगीरच्या वहिनींकडे कन्नड अक्षरं शिकायला लागलेय. काल एका ओळीवर पाच मिनिटं अडले. वहिनी वाट बघत होत्या, आणि मला उत्तर माहीत नसताना मी काय केलं असेल?

ओठ मिटून घेतले आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.